बुडालेल्या गावावरून बोट न्यायची आहे. इंजिन किती एचपीचं घेऊ?

पवनी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय ४३, घरची धानाची शेती, जोडीला कृषी केंद्र. त्यांचं जुनं गाव वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या बुडीत क्षेत्रात गेलं, आता मुक्काम पुनर्वसनाच्या गावठाणात. घरी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील (आबाजी), गुडघ्यांनी बेजार झालेली आई, पत्नी आणि दोन मुलं. दिवाळीला पुण्याहून भाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं येतात, म्हणजे दहा माणसं. दोघा भावांच्या मनात पाँटून बोट घ्यायची आहे: सपाट, कठड्याची, छताची, खुर्ची टाकून आईला बसता येईल अशी. भाऊ म्हणतो, बावीस फुटी घेऊ, साठ एचपीचं इंजिन लावू, एकदाच काय ते होऊ दे. ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो, ड्रम लावून पाव किमतीत करून देतो, पंधरा एचपी पुष्कळ झालं. पत्नीचा विरोध आहे. ‘ती पाण्याला उगाच घाबरते,’ असं ते लिहितात. पत्राच्या शेवटी दोन ओळी आहेत: ‘आबाजींना एकदा जुन्या गावावरून न्यायचं आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचं शिखर दिसतं. बोट कोणती आणि इंजिन किती एचपीचं घ्यावं? पर्यटकांना फिरवून खर्च निघेल का?’

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मेकॅनिकच्या डोळ्यांनी, कारण पंचवीस वर्षं पंप आणि इंजिनांत हात काळे केलेत. दुसऱ्यांदा शेवटच्या त्या दोन ओळींसाठी. इंजिनाचं उत्तर मी देणारच आहे, पण ते शेवटी. माणूस बोट घ्यायला निघतो तेव्हा एचपीपासून सुरुवात करतो, जसं ट्रॅक्टर घेताना करतो. ट्रॅक्टरचं ठीक आहे, जमीन जागची हलत नाही. पाणी रोज वेगळं असतं.

आधी वहिनींबद्दल, म्हणजे तुमच्या पत्नीबद्दल. तुम्ही लिहिता, ती विचारते, ‘मधात बंद पडली तर?’ भाऊ, अख्ख्या पत्रात नेमका प्रश्न तो एकच आहे. दीड टन वजनाची, छत लावलेली पाँटून वाऱ्याविरुद्ध वल्ह्यांनी हलत नाही. डोंगा, म्हणजे मासेमारी करणाऱ्या ढिवरांची होडी, हलतो; त्याचं अंग निमुळतं, वजन कमी आणि ढिवराचा हात बसलेला. पाँटूनला वाऱ्यानं धरलं की ती पत्र्याच्या शेडसारखी निघते. म्हणून बंद पडली तर पहिलं काम लंगर टाकणं. त्याला खोलीच्या निदान पाचपट दोर हवा, आणि तो गुंता न होता सुटला पाहिजे. दुसरं, काठावरच्या एका माणसाला तुम्ही किती वाजता निघालात आणि किती वाजता परतणार हे माहीत हवं. तिसरं, बॅटरीवर चालणारी छोटी ट्रोलिंग मोटर. पंचावन्न पौंड थ्रस्टची (म्हणजे रेट्याची) बारा व्होल्टवाली पूर्ण वेगात साधारण पन्नास अँपिअर ओढते, म्हणजे शंभर अँपिअर-अवरच्या बॅटरीवर कागदावर दोन तास, प्रत्यक्षात थोडं कमी. शांत पाण्यात ती तुम्हाला काठाला आणून सोडेल. ही सगळी यादी वहिनींच्या एका प्रश्नातून निघाली. त्यांना बोटीला विरोध करणारी बाई समजू नका, निघण्यापूर्वीची तपासणी त्यांच्या हाती द्या.

आपल्या भागात पाण्यानं काय केलंय ते तुम्हाला सांगायला नको. १४ सप्टेंबर २०२१ ला वरूड तालुक्यात झुंजजवळ वर्धा नदीत डोंगा उलटला, नात्यागोत्यातली अकरा माणसं गेली. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात वैनगंगेत डोंगा उलटून सहा बायका गेल्या. यातला कोणताही डोंगा एचपी कमी होतं म्हणून उलटला नाही. तेव्हा पहिली खरेदी बोटीची नको, दहा लाइफ जॅकेटांची करा. मुलांची मुलांच्या मापाची घ्या, दोन पायांमधून पट्टा येणारी. मोठ्यांचं जॅकेट सात वर्षांच्या पोराला घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट वर राहतं आणि पोरगं खालून निसटतं. घातल्यावर खांद्याला धरून वर उचलून बघा. कानापर्यंत सरकलं तर ते माप त्याचं नाही.

आता बोट. पाँटून म्हणजे दोन बंद अ‍ॅल्युमिनियम नळ्या, त्यांच्यावर ओटा, ओट्याला कठडा. बाकी शोभा. ही बोट किती माणसं झेलेल हे ओट्याच्या लांबीरुंदीवरून कळत नाही, नळ्यांच्या व्यासावरून कळतं. विक्रेता ओटा दाखवतो, तुम्ही खाली वाका आणि टेपनं नळी मोजा. अठरा फुटी बोट, नळीचा व्यास तेवीस इंच. टोकाचा निमुळता भाग वजा करून अशा दोन नळ्या पूर्ण बुडाल्या तर साधारण अठ्ठावीसशे किलो पाणी बाजूला सारतात. पण पूर्ण बुडवायच्या नसतात, अर्ध्याच पाण्यात हव्यात. म्हणजे हिशोब चौदाशे किलोचा. त्यातून बोटीचं स्वतःचं वजन सातशे धरा, इंजिन शंभर, पेट्रोल-बॅटरी-लंगर साठ. उरले साडेपाचशेच्या आत, म्हणजे पंचाहत्तर किलोची सात माणसं. तुमच्या दहांत चार पोरं आहेत, त्यामुळे आज कसंबसं बसेल. पण डबे, सतरंज्या, पाण्याची कॅन आणि ‘मी पण येऊ का’ म्हणणारे मामा कुठं बसतील? आता त्याच लांबीला पंचवीस इंचाची नळी घ्या. अर्ध्या बुडीचा आकडा साडेसोळाशेवर जातो आणि माणसांसाठी पावणेआठशे किलोच्या पुढं उरतात. दोन इंचांत तीन माणसं वाढली. म्हणून बावीस फुटाच्या मागे लागू नका. अठरा ते वीस फूट पुरे, पण नळी पंचवीस इंची, आणि आत पडदे घालून वेगवेगळे कप्पे केलेली. एक कप्पा फुटला तरी बाकीचे तरंगत ठेवतात. जुनी बोट बघत असाल तर प्रत्येक कप्प्याचा बूच उघडून आत पाणी साचलंय का बघा. नळीवर बोटाच्या पेरानं ठोका. रिकामा कप्पा टणटणतो, पाणी भरलेला मुका वाटतो.

ही बोट सहसा बाजूला उलटत नाही, पण तिची एक खोड आहे. सगळे फोटो काढायला पुढच्या कठड्याशी गेले की नाक खाली जातं, आणि लाट आली तर पाणी ओट्यावर चढतं. आईची खुर्ची मधोमध ठेवा, ओट्याला बांधून.

ड्रमवाल्याचं म्हणणं निकालात काढणार नाही, त्याचा उपयोग वेगळा आहे. दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम अर्धा बुडेपर्यंत शंभर किलोच्या आतलं वजन धरतो. वीस ड्रम बांधले की हिशोब जमल्यासारखा वाटतो. पण ड्रम निमुळता नसतो, पाणी कापत नाही, ढकलत जातो. पट्टी सैल झाली की तो सुटतो, आणि एका बाजूचे दोन सुटले की ओटा तिरपा. लोखंडी ड्रम तर दोन पावसाळ्यांत गंजून जाळी होतो. त्या फॅब्रिकेटरकडून बोट करून घेऊ नका, तरंगता धक्का करून घ्या. जलाशयाचं पाणी महिन्यागणिक चढतं-उतरतं, आज जिथं पायरी आहे तिथं पुढच्या महिन्यात चिखल. गुडघेदुखीच्या आईला बोटीवर चढवायला पाण्याबरोबर वरखाली होणारा धक्काच हवा. पत्रात तुम्ही खुर्चीचं लिहिलंत, चढण्याचं लिहिलं नाहीत.

आता आबाजींचं गाव. तुम्हाला वाटतं, खालची जमीन आपल्या पायाखालची, म्हणून ते पाणी ओळखीचं. मला भीती तिथंच वाटते. नुसती नदी असती तर खाली रेती आणि खडक. इथं खाली भिंती आहेत, विहिरींची तोंडं आहेत, तोडलेल्या झाडांची खुंटं आहेत, कुठं विजेचा खांब असेल. गोसीखुर्दची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पातळी, २४५.५० मीटर. पाणी त्या पातळीला असेल तर तुम्ही भिंतींवरून सहज जाल. पण शिखर दिसायला लागतं म्हणजे पाणी उतरलंय, बाकीच्या भिंती कुठं किती वर आल्यात त्याचा भरवसा नाही, आणि तुम्ही न्यायचं म्हणता नेमकं तेव्हाच. पंख्यानं खुंट धरलं तर इंजिनाचा खालचा भागच मोडतो. नळीला भिंतीची कड लागली तर अ‍ॅल्युमिनियम डब्याच्या झाकणासारखं उघडतं.

उपाय आहे. आधी एखाद्या ढिवर भावाला घ्या, जो त्या पाण्यात रोज जाळं टाकतो. डोंग्यातून तुम्ही दोघंच जा, जॅकेट घालून. घरची माणसं नको. सोबत पंधरा फुटी बांबू, दर फुटाला रंगाची खूण केलेली. हळूहळू टोचत जा. गाळात बांबू बिनआवाज उतरतो, हाताला नुसता जडपणा लागतो. भिंतीला टेकला की मनगटापर्यंत झिणझिणी येते. एकदा ती झिणझिणी आली की दुसऱ्यांदा चुकणार नाही. जिथं लागलं तिथं मोबाइलवर जागा साठवा आणि दोरीला दगड बांधून रिकामी कॅन सोडा. शिखराभोवतीची जागा अशी दोन दिवसांत उमगते. त्या माणसाला रोजी द्या, आणि जाळी कुठं असतात ते विचारून घ्या. पंख्यात जाळं गुंतलं तर तुमचा पंखा थांबेल, पण त्याचं महिन्याचं पोट जाईल.

आता इंजिन. जुन्या गावापर्यंत पाण्यातून चार किलोमीटर, असं तुम्ही लिहिलंय. पंचवीस-तीस एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, भरलेल्या अठरा फुटी पाँटूनला ताशी दहा-बारा किलोमीटरनं आरामात नेईल, म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं. साठ एचपीनं तुम्ही निम्म्या वेळात पोचाल, आणि मग तिथं काय करणार? आबाजींना घाई नाही. पूर्ण वेगात आउटबोर्ड एचपीमागे तासाला साधारण एक तृतीयांश लिटरच्या वर पेट्रोल पितं, म्हणजे साठचं वीस-बावीस लिटर, तीसचं दहा-अकरा. त्यात बोटीवर कंपनीनं पाटी लावलेली असते, जास्तीत जास्त किती एचपी आणि किती वजन. त्या पाटीच्या पुढं जायचं नाही. पण पंधरा एचपीवरही जाऊ नका. समोरून वारा आला, दहा माणसं बसलेली आहेत, तेव्हा मागं उरलेली ताकद लागते. तीस हा माझा आकडा. वीस फुटी घेतलीत तर चाळीस.

एचपीपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या. एक, पंखा. जड बोटीला मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा (एका फेऱ्यात कमी पुढं सरकणारा) पंखा हवा. काही कंपन्या याचसाठी हाय-थ्रस्ट मॉडेल काढतात, त्यात गिअर जास्त उतरवलेला असतो. डोंगराच्या चढाला ट्रॅक्टर लो गिअरमध्ये घालता, तोच प्रकार. दुसरी, शाफ्टची, म्हणजे इंजिनापासून खाली पंख्यापर्यंतच्या दांड्याची लांबी: पंधरा, वीस, पंचवीस इंच. पाँटूनला बहुतेक वीस लागते, पण बोट आणि इंजिन दोन्ही समोर ठेवून मोजा. हे मी हात पोळून शिकलोय. एका विक्रेत्यानं स्वस्तात जुनं इंजिन दिलं, ‘एकदम फिट बसेल’ म्हणाला. बसलं खरं. पाण्यात सोडल्यावर इंजिन बोंबलायला लागलं आणि बोट जागची हलेना. शाफ्ट पंधरा इंची निघाली, पंखा पाण्याऐवजी हवा ओढत होता. काठावरची पोट्टी हसली, मी पण हसलो. पैसे परत मिळाले नाहीत.

पेट्रोलचं एक नीट ऐका, कारण हे दुकानदार सांगत नाहीत. आपल्या पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. बऱ्याच आउटबोर्डांच्या पुस्तिकेत दहा टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलेलं असतं. विकत घेण्यापूर्वी ‘वीस टक्क्यांवर वॉरंटी राहते का’ हे लेखी विचारा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि टाकीत चार महिने पडलेल्या पेट्रोलात पाणी खाली बसतं. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करा, इंजिनातलंही जाळून संपवा. आणि निघताना हिशोब तीन भागांचा: एक जायला, एक यायला, एक न वापरण्यासाठी.

इंजिन सुरू झालं की मागून पाण्याची पिचकारी निघते, ती बघायची सवय मुलांना लावा. पिचकारी बारीक झाली म्हणजे थंड करणारं पाणी वर चढत नाहीय: तोंडाशी पन्नी, जलपर्णी किंवा गाळ अडकलाय, किंवा आतला रबरी इम्पेलर, म्हणजे ते पाणी वर ओढणारा छोटा पंखा, घासलाय. आपलं पाणी रेतीचं आणि गाळाचं, इम्पेलर दरवर्षी बदला. चालवणाऱ्याच्या मनगटाला किल स्विचची दोरी हवीच; ती ओढली गेली की इंजिन बंद होतं. मेकॅनिक कोण, हेही खरेदीपूर्वी ठरवा. आउटबोर्डचे जाणकार बहुतेक कोकणपट्टीला आहेत. जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापनाच्या रबरी बोटींना अशीच इंजिनं असतात. त्यांचं काम कोण करतं ते जाऊन विचारा आणि त्याच कंपनीचं इंजिन घ्या. दोन एचपी कमी-जास्त झालं तरी चालेल.

कागदपत्रांचं थोडक्यात. २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला, त्यानं १९१७ चा जुना कायदा गेला. इंजिनाची बोट म्हणजे नोंदणी आणि तपासणी आली. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारी संस्थेची, आणि पलीकडे अभयारण्याची हद्द लागत असेल तर वनविभागही. तिन्ही दारं पैसे देण्यापूर्वी वाजवा. विमाही त्याच वेळी बघा.

पर्यटकांचं मात्र या वर्षी डोक्यातून काढा. अंभोऱ्याला पूल झाल्यापासून गर्दी वाढली, हे मला दिसतंय. पण पैसे घेऊन माणसं बसवली की बोट घरची राहत नाही, नियम वेगळे, जबाबदारी वेगळी. आणि गावात पैसे न घेताही हा प्रश्न येणारच आहे. कुणाच्या लग्नाचे फोटो, कुणाच्या अस्थी, कुणाचा नवस. ‘नाही’ म्हणणं तुम्हाला जमत नाही, हे तुमच्या पत्रावरूनच कळतं. तेव्हा ‘दहाच्या वर नाही, जॅकेटशिवाय नाही, अंधार पडल्यावर नाही’ एवढं बोटीवर रंगवून घ्या, म्हणजे बोलायचं काम पाटी करेल. पुण्याच्या भावाबरोबर भागीदारी आहे तर तो चार दिवस येणार आणि तुम्ही बारा महिने सांभाळणार, हेही आत्ताच बोला.

बारा महिन्यांत पाण्यावरचे महिने पाचच. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी-मार्च. डिसेंबरात सकाळी धुकं उठल्याशिवाय निघायचं नाही. एप्रिल-मेत दुपारनंतर वावटळ कधी येईल सांगता येत नाही, आणि पावसाळ्यात तर बोट पाण्यात नकोच. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वरून मध्य प्रदेशातलं पाणी आलं तेव्हा वैनगंगेनं काय केलं ते तुम्ही पाहिलंय. म्हणजे सात महिने ती शेडमध्ये. आठ-साडेआठ फूट रुंदीची वस्तू तुमच्या गल्लीतून वळेल का? ट्रॅक्टरनं पाण्यात उतरवायला पक्का उतार कुठं आहे? टेप घेऊन एकदा चालून या. आणि शेडमध्ये उंदीर वायरिंग खातात, धानाच्या घरात हे सांगायला नको.

आता शेवटच्या त्या दोन ओळी. बोट ठरवा, परवानगी काढा, बांधा, शिका: वर्ष सहज जाईल, कदाचित दोन. आबाजी अठ्ठ्याहत्तर. त्यांना पाँटून नको आहे, गाव बघायचं आहे. या हिवाळ्यात वारा नसलेली एखादी सकाळ धरा, त्याच ढिवर भावाचा मोठा, पक्का डोंगा घ्या. आबाजी, तुम्ही, तो आणि त्याचा जोडीदार, चौघंच, जॅकेटं घालून. पाणी भरलेलं असेल, शिखर दिसणार नाही. पण कुठं काय होतं ते आबाजी सांगतील. बोटीचा पैसा तोवर बँकेत राहू द्या.

आणि हे आजच करा: आबाजींसमोर मोठा कागद आणि पेन्सिल ठेवा. देऊळ मधात काढून द्या आणि विचारा, चिंच कोणत्या बाजूला होती, विहीर किती पावलांवर, पाटलाचा वाडा दगडी होता की मातीचा. मातीचा असेल तर आता विरघळला असेल, दगडी असेल तर तिथं कॅन सोडायची. आईलाही बसवा, बायकांना विहिरीची वाट जास्त आठवते. काढून झालं की मोबाइलवर फोटो घ्या. मूळ कागद पाण्यावर नेऊ नका.